डोळा कुणाच्या ताटात

मुर्झागेल्दीला माणसं कळायची ती हाडांवरून. संरक्षण मंत्रालयात परदेशांशी बोलणी करणाऱ्या कक्षाचा तो प्रमुख होता, पण त्याचा खरा दरारा मेजवानीच्या दिवशी असायचा. कोणत्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं कोणतं हाड जाईल, हे तो ठरवायचा. कमरेचं हाड मोठ्या मानाचं, मांडीचं त्याच्या खालोखाल, छातीचं जावयाचं, मानेचं सगळ्यात शेवटच्याचं. आणि उकडलेलं डोकं ज्याच्यापुढे येईल तो त्या दिवसाचा राजा. स्तेपीतल्या, आमच्या गवताळ माळरानावरच्या, माणसाला हे शिकवावं लागत नाही. ताटात काय पडलं हे बघितलं की आपला भाव कळतो, आणि कमी पडलं तर हसत खावं लागतं. एका ब्रिगेडियरला त्याने लागोपाठ दोन मेजवान्यांत मानेचं हाड वाढलं, तेव्हा त्या बिचाऱ्याने तिसरीची वाट न बघता निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाच्या जेवणात मुर्झागेल्दीने त्याच्यापुढे कमरेचं हाड ठेवलं. "जाणाऱ्याला मान द्यायला आपलं काय जातं," घरी येऊन तो बायकोला, कुल्याशला, म्हणाला.

त्या वर्षी लढाऊ विमानं घ्यायची होती. होती ती सोव्हिएत काळातली. निम्मी उडत नव्हती आणि उरलेली निम्मी उडू नयेत असं वैमानिकांच्या बायकांना वाटायचं. आजवर विमानं यायची ती एकाच शेजाऱ्याकडून. खात्यात त्यांना 'जुने सोयरे' म्हणत. जुने सोयरे एक खिळा द्यायलाही सहा महिने लावत आणि वर उपकार केल्याचा चेहरा करत. म्हणून या खेपेला पश्चिमेकडच्या एका छोट्या, पैसेवाल्या देशाशी बोलणी लावली होती. स्वतःसाठी नवी विमानं घेतल्यावर त्यांची वापरलेली बारा विमानं मोकळी झाली होती. ती रंगरंगोटी करून विकायला निघालेल्या त्यांच्या जनरलला खात्याने 'पांढरभुवया' असं नाव ठेवलं होतं.

उपमंत्री ओरिनबासार म्हणजे ओरेके; नावाची सुरुवात घेऊन पुढे 'के' लावायचं, ही आपली आदराची हाक. चेहरा झोपाळू, पण डुलकीतसुद्धा समोरच्याचे खिसे चाचपणारा. तो म्हणायचा, विमान घेणं म्हणजे सोयरीक जमवणं. नवरी एकदा घरात येते; सुटे भाग, क्षेपणास्त्रं, शिकवणारे उस्ताद या रूपाने व्याही तीस वर्षं येत राहतात. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचे, असं आपले म्हातारे उगाच म्हणत नाहीत. त्याचा आणखी एक नियम होता. स्वीकारपत्रावर जो सही करील, त्याने त्या खेपेच्या पहिल्या उड्डाणात मागच्या आसनावर बसायचं. राजधानीत बसून सह्या ठोकणाऱ्यांचा त्याला जुना अनुभव होता. या नियमावर मुर्झागेल्दी सर्वांत जास्त विनोद करायचा.

या सोयरिकीत मुर्झागेल्दीला हवी होती एक खुर्ची. त्या देशाच्या राजधानीतल्या आपल्या दूतावासात लष्करी प्रतिनिधीची जागा नव्याने निघणार होती. परकी चलनातला पगार, नदीकाठी घर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हाडं वाढायची नाहीत, नुसती खायची. ओरेके म्हणाला होता, "किंमत पाचव्या हिश्शाने उतरव. तिथल्या खुर्चीत आपलाच माणूस बसेल." मुर्झागेल्दीने तेवढं ऐकलं आणि घरी सांगितलं. कुल्याशने तेवढं ऐकलं आणि गावभर सांगितलं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यासाठी मेंढा कापून जेवण घालायची आपल्याकडे रीत आहे. हुकूम निघायच्या आधीच कुल्याशच्या भावांनी तो मेंढा कापला. आता नातेवाइकांनी खाल्लेला मेंढा काही परत करता येत नाही.

किंमत उतरवायला मुर्झागेल्दीने झेनोल्लाला वापरलं. कर्नल झेनोल्ला हा वायुदलाचा परीक्षक वैमानिक. दोघं उड्डाणशाळेत एका वर्गात होते. मुर्झागेल्दीच्या पोटात तिसऱ्याच उड्डाणात ढवळलं आणि तो कागदांकडे वळला, झेनोल्ला हवेतच राहिला. तीन आठवडे त्या देशात विमानं उडवून झेनोल्ला परतला तो मवाळ अहवाल घेऊन. विमान चांगलं आहे, हाडं जुनी आहेत. काही गोष्टी घेण्याआधी बदलून मागाव्यात; त्यांतली एक म्हणजे, संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारा बार. मागच्या आसनाखालचा बार मुदत उलटलेला असू शकेल, तपासावा.

मुर्झागेल्दीने त्याला चहाला बोलावलं. "झेके, तू मुलगी बघायला गेला होतास की तिच्या बापाचा चहा प्यायला? 'असू शकेल' काय, 'तपासावा' काय. अशाने ते एक दमडी कमी करणार नाहीत, आणि एक बारही बदलून देणार नाहीत."

"मला जे दिसलं ते लिहिलंय."

"दिसलं ते लिहिलंस. वाटलं ते लिही."

दोन तास मुर्झागेल्दी अहवालाला धार लावत बसला. 'तपासावा'चं 'भरवसा नाही' झालं. पंखाच्या सांध्यावरची डागडुजी 'ठिगळ' झाली. आणि आसनाखालच्या बाराबद्दल वाक्य आलं: मागच्या आसनावर मी शत्रूलाही बसवणार नाही. झेनोल्ला ते वाचून म्हणाला की हे आपलं नाही. मुर्झागेल्दी म्हणाला, पोरांना तुझ्याच हाताखाली उडायचंय, बार बदलून हवेत की नकोत? यावर झेनोल्लाने सही केली. मित्राला कसं वळवावं हे मित्रालाच ठाऊक असतं.

आठवड्याभरात अहवालाची एक प्रत जुन्या सोयऱ्यांच्या दूतावासात पोचली आणि एक पांढरभुवयाच्या टेबलावर. जुने सोयरे खूश होऊन जगभर बोलू लागले. पांढरभुवया लाल झाला. मग बोलणी झाली आणि किंमत बरोबर पाचव्या हिश्शाने उतरली. एवढी उतरल्यावर काही किरकोळ कामं वगळू, असं विकणारे म्हणाले. मुर्झागेल्दीने ते कलम न अडखळता मान्य केलं. त्याच्या नजरेपुढे तेव्हा नदीकाठचं घर होतं.

पण पाहुणे रुसलेच होते. आमच्या वायुदलाची जगभर अब्रू गेली, ती भरून द्या, मग सही. ओरेकेने मुर्झागेल्दीला बोलावून सांगितलं की रुसवा काढ, आणि कर्नलने पुन्हा तोंड उघडू नये असंही बघ.

"दोन्ही कामं एकाच सुरीने होतील, ओरेके," मुर्झागेल्दी म्हणाला.

सुरी म्हणजे खरोखरची सुरी. मेंढ्याचं डोकं ज्याच्यापुढे येतं तो पाहुणा ते स्वतः कापून वाटतो. त्यातला कान जातो पंगतीतल्या सगळ्यात लहान पोराला. का, तर त्याने मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. मुर्झागेल्दीने पांढरभुवयाच्या दुभाष्याला बाजूला घेऊन हे नीट समजावलं, आणि उद्याचा कान त्या उंच, पांढऱ्या केसांच्या कर्नलला द्यायला सांगितलं. आमच्याकडे अशी थट्टा चालते, तो म्हणाला. दुभाष्याने लिहून घेतलं.

मेजवानीला साठ माणसं होती. डोकं आलं. पांढरभुवयाने कान कापला, उठला, आणि अख्ख्या दालनातून चालत चौपन्न वर्षांच्या झेनोल्लापुढे जाऊन उभा राहिला. आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि हसू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पसरत गेलं. झेनोल्ला उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी कान घेतला आणि तोंडात टाकला. कान चिवट असतो. तो चावत राहिला, लोक हसत राहिले; हसणाऱ्यांचं हसू संपलं तरी त्याचं चावणं संपेना. शेवटी त्याने गिळला आणि म्हणाला, "आभारी आहे. ऐकलं."

मुर्झागेल्दीने प्याला उचलला. "चला, आपली पोरं सुधारताहेत," तो म्हणाला, आणि हसू पुन्हा उसळलं. झेनोल्लाने त्याच्याकडे फक्त एकदा बघितलं. ते बघणं मुर्झागेल्दीने वोडकाबरोबर खाली ढकललं.

तेवढ्यात दुभाष्याने पांढरभुवयाच्या कानाशी परत काहीतरी पुटपुटलं. पांढरभुवयाने सुरीच्या टोकाने डोळा काढला, बशीत ठेवला आणि बशी आणून मुर्झागेल्दीपुढे धरली.

साठ माना तिकडे वळल्या. डोळा लहानाला देत नाहीत. डोळा द्यायचा आपल्या जवळच्याला, 'माझ्या वतीने तू बघ' म्हणून. हे तर मुर्झागेल्दीने दुभाष्याला शिकवलंच नव्हतं. म्हणजे पाहुण्यांनी स्वतःहून विचारून घेतलं असणार, आपल्या जवळच्याला काय देतात ते. त्याने ओरेकेकडे बघितलं. ओरेके मान खाली घालून एक हाड मन लावून कोरत होता. आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं वाचणाऱ्या माणसाने आपलं ताट वाचलं, आणि त्याला त्यात नदी दिसली. त्याने डोळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुल्याशने पडदे उतरवून बांधायला घेतले. तिसऱ्या दिवशी ओरेकेने त्याला बोलावलं. समोर हुकूम होता आणि त्यावर नाव होतं झेनोल्लाचं.

"तो जाणार? त्यांना शिव्या घालणारा?"

"त्यांनीच मागितला. म्हणाले, आमची उणीदुणी ज्याला ठाऊक तो आमच्याच अंगणात असलेला बरा." ओरेकेने चहात साखर ढवळली. "आणि मलाही पटलं. साठ माणसांत जो कान गिळतो, तो परक्या मुलखात काहीही गिळेल."

"पण डोळा मला दिला त्यांनी."

"त्यांनी कुठला दिला, मी द्यायला लावला. बघायचं काम आता तुझं, मुरेके. विमानं स्वीकारायची समिती तुझ्याकडे, स्वीकारपत्रावरची सहीही तुझीच. त्यांचे दोष तुझ्याइतके कुणाला पाठ आहेत? अर्धे तर तूच लिहिलेस."

मुर्झागेल्दीने सांगितलं की किंमत आपण उतरवली, शब्द दिला होता.

"आपला माणूस बसेल असा शब्द होता. मित्राच्या सहीला धार लावून ती दोन दूतावासांत वाटणारा माणूस फार कामाचा असतो. पण असला माणूस हाताशी ठेवतात, परदेशी बसवत नाहीत." ओरेके जांभई देत म्हणाला, "पडदे लावून घ्यायला सांग कुल्याशला. थंडी येतेय."

घरी काय झालं ते घरातच राहिलं. मेंढा खाल्लेले मेव्हणे मात्र महिनाभर रोज फोन करून विचारत होते, निघालात का?

मुर्झागेल्दीने पहिलं पत्र विकणाऱ्यांना धाडलं: मागच्या आसनाखालचे बार बदलून द्या. उत्तर अतिशय सभ्य होतं. वगळलेल्या किरकोळ कामांत ते काम येतं, कलम आपणच मान्य केलंत, आपल्या नव्या जबाबदारीबद्दल अभिनंदन. त्याने आपल्या गोदामात विचारलं. आपले बार जुन्या सोयऱ्यांच्या मापाचे, यांत बसत नाहीत. त्याने जुन्या सोयऱ्यांच्या दूतावासातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तुमचा अहवाल आम्ही वाचलाय, फार सुंदर लिहिलाय.

हिवाळ्याच्या तोंडावर पहिली खेप आली. विमानतळावर वारा असा होता की बँडवाल्यांचे ओठ वाद्यांना चिकटत होते. दोन विमानं, एक एकट्याचं, एक जोडआसनी. ओरेके फरची टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. मुर्झागेल्दीच्या अंगावर वैमानिकाचा पोशाख चढवला होता. पोटावर तो बंद होईना म्हणून दोघा शिपायांनी तो ओढून बंद केला.

कपडे बदलायच्या खोलीतून त्याने झेनोल्लाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बशीवर चमचा वाजल्याचा आवाज आला.

"झेके, एकच सांग. तो मागच्या आसनाखालचा बार, तो खरंच मुदत उलटलेला होता की ते मी लिहिलं होतं?"

"काय म्हणालास?"

"अरे, बार. तू बघितला होतास. तू लिहिलं होतंस 'असू शकेल'. म्हणजे नसूही शकेल, हो ना? मला खरं काय ते सांग. मी तुझ्या पाया पडतो."

पलीकडे चमचा पुन्हा बशीत ठेवला गेला. मग झेनोल्लाचा शांत आवाज आला. "मुरेके, कान खाल्ल्यापासून मी फक्त ऐकतो रे. बोलायचं सोडलंय. तू बोल, मी ऐकतोय."

मुर्झागेल्दी बोलला. शाळेतल्या दिवसांबद्दल बोलला, कुल्याशबद्दल, मेजवानीबद्दल, ती आपली चूक होती याबद्दल. पलीकडे चहा ढवळल्याचा आवाज येत राहिला. शिपायाने दार वाजवलं, तेव्हा पलीकडे कुणी अजून ऐकत होतं की फोन नुसताच चालू होता, हेही त्याला कळलं नाही.

त्याला शिडीवर चढवलं, पट्टे आवळले. पुढे बसलेल्या तरुण वैमानिकाने सगळं ठीक म्हणून नुसता अंगठा उंचावला. दोन गुडघ्यांच्या मध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कडी होती. संकट आलं तर ती ओढायची. त्या कडीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि विमान खाली येईपर्यंत तो दुसरीकडे कुठेच बघू शकला नाही.

विमान व्यवस्थित उतरलं. विमानाला काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते मुर्झागेल्दीच्या पोशाखाच्या आत झालं होतं. दोघांनी त्याला उतरवलं. बायकांनी शुभशकुन म्हणून चॉकलेटं आणि नाणी उधळली, पोरं ती वेचायला त्याच्या पायांत घुसली. ओरेके जवळ आला, नाकाला रुमाल लावून किंचित हसला, आणि त्याच्यापुढे स्वीकारपत्र धरलं. मुर्झागेल्दीने सही केली.

"बघ, काही झालं का?" ओरेके म्हणाला. "पुढची दोन वसंतात येताहेत. जोडआसनी आहे त्यातही."

रात्रीच्या मेजवानीत हाडं वाढायला त्याच्या जागी नवा माणूस होता. मुर्झागेल्दीच्या ताटात त्याने मानेचं हाड वाढलं.