नारळाखालचा आवाज

पिवळं रबर.

आलेपाकाची वडी, अर्धी चघळलेली.

लाल टिकली.

शेंडीचा नारळ.

एक ससा. त्याची टोपी हरवलेली आहे आणि ती कायम हरवलेलीच राहणार आहे.

व्हय म्हाराजा.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. वर लिहिलेले तुकडे माझ्यात उरलेले आहेत. ते वेगवेगळे वाटतात, पण एकाच प्रवासातले आहेत. आम्हा यंत्रांना म्हातारपण लवकर येतं. माझी काच एका कोपऱ्यात पिवळसर झाली आहे आणि बोट लावलं तर मी बऱ्याच वेळाने ओळख देतो. तरी ऐका.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. पण माझ्यात पहिल्यापासूनच जागा कमी. एक गोष्ट ठेवायची तर दुसरी पुसावी लागते. म्हणून कारखाना पुसतो. खोक्यातला अंधार पुसतो. थेट रत्नागिरीतल्या दुकानापासून सुरुवात करतो.

दुकान दर्शनचं होतं. तिथे दीपक आला. तो आंब्याच्या पेट्या पोचवणारा टेम्पो चालवतो. त्याच्याबरोबर त्याची बायको शमिका, पाच वर्षांची मुलगी राही आणि गळ्याला मफलर गुंडाळलेले आबा, म्हणजे दीपकचे वडील.

"पोरीला लांबच्या प्रवासाला काहीतरी दाखवा," दीपक म्हणाला. "महाग नको. आणि घाटात रेंज जाते, तरी चाललं पाहिजे."

दर्शनने दोन टॅब काउंटरवर ठेवले. "ह्या काळ्यात जागा दुप्पट. आणि हा पिवळा, जागा बेताची, पण रबराचं कव्हर हाय, मागे पट्टा हाय. सीटला अडकवा, पडला तरी फुटायचा नाय. गोष्टी घरीच भरून घ्यायच्या. कुठवर जाताय?"

"मुंबईला."

"मग टॅब पुरंल हो. रस्ता पुरंल की नाय, ते मी सांगत नाय."

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता.

कारण तोच तर प्रवासाचा विषय होता. आबांच्या घशात गाठ होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ती काढणार होते, आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही जाणार होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोवर बोलणं कमी करा. राहीला मागे ठेवायला घरी कोणी नव्हतं. आणि राही गाडीत बसली की आबांना बोलतं ठेवायची. हा कुठला पूल, ह्या नदीत मगर आहे का, डोंगराला नाव कोणी ठेवलं. म्हणजे मला राहीला रमवायला घेतलं असं दिसत होतं, पण खरं तर मला आबांना गप्प ठेवण्यासाठी घेतलं होतं.

आबांच्या गप्प होण्याची वाडीला वेगळीच काळजी होती. शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते, तेव्हा नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी. वाडीच्या शिवेवरचे देव, जुने पुरुष, विहिरी, गुरंढोरं, मुंबईला गेलेले मुलगे, सगळ्यांची नावं त्यात ठरलेल्या क्रमाने येतात. ते लिहून ठेवायचं नसतं. बापाने म्हणायचं आणि मुलाने शेजारी उभं राहून कानाने घ्यायचं. दीपक शिमग्याला कायम टेम्पोवर. त्याने ते घेतलंच नव्हतं.

*जागा शिल्लक नाही. काहीतरी पुसा.*

हातखंब्यापासून संगमेश्वरापर्यंतचा रस्ता पुसतो. तेवढ्या वेळात राहीने सशाची गोष्ट दोनदा पाहिली. भाड्याच्या गाडीत मी पुढच्या सीटच्या पाठीला लटकत होतो आणि मला फार अभिमान वाटत होता. आबांच्या बाजूने किती देवळं गेली, तिने मान वळवली नाही. आबा एकदा खिडकीकडे बोट करून थांबले, मग हात मांडीवर ठेवला.

चिपळूण ओलांडून परशुराम घाट लागला आणि राहीला गाडी लागली. हलत्या गाडीत हलतं चित्र पाहिलं की पोटात ढवळतं. हे दुकानात कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

"मी म्हटलं होतं ना, वळणावर नको देऊस तिला," शमिका म्हणाली.

"तूच अडकवलास पट्टा," दीपक म्हणाला.

राहीच्या तोंडात आलेपाक गेला आणि मी सुटलो तो आबांच्या मांडीवर आलो.

खेड मागे टाकून गाडी एका चहाच्या टपरीशी थांबली. दीपक आणि शमिका खाली उतरले. गाडीत राही, आबा आणि मी.

"बाय," आबा हळू म्हणाले. आवाज वाळूवरून होडी ओढल्यासारखा. "ह्याच्यात आवाज भरता येतो काय गो?"

"येतो की! लाल टिकली दाबायची. आबा, तुम्ही बोलू नका, डॉक्टर ओरडतील."

"डॉक्टर कुठाय हिथं? आपला डॉक्टर तुझा बाबा, चहा पितोय तो."

राही खुदकन हसली. तिने लाल टिकली दाबून मला आबांच्या तोंडासमोर धरलं. आबांनी मला हलकेच खाली घेतलं. "तोंड नको. गाऱ्हाणं दाखवायचं नसतं बाय, आयकवायचं असतं." त्यांनी मला मांडीवर आडवं ठेवलं. माझा डोळा, म्हणजे कॅमेरा, त्यांच्या धोतरात बुडाला. इस्पितळासाठी आणलेला शेंडीचा नारळ त्यांनी पिशवीतून काढून माझ्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला.

मला काही दिसलं नाही. मी फक्त ऐकलं.

"हे देवा म्हाराजा! आज तुजं लेकरू वाटंला लागलंय. वाटंत काय आड येत आसंल, ते दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," राही म्हणाली. तिला तेवढं येत होतं.

मग नावं सुरू झाली. शिवेवरचे देव. जुने पुरुष. विहिरी. मध्येच आवाज फाटायचा, आबा थांबायचे, थुंकी गिळायचे आणि पुन्हा त्याच नावापासून उचलायचे. एकही नाव त्यांनी गाळलं नाही. प्रत्येक थांब्यावर राहीचं "व्हय म्हाराजा". शेवटी आबा म्हणाले, "कोणाला सांगू नको आत्ता. शिमग्याला काढू. तुझ्या बाबाला शिकायचंय."

*जागा शिल्लक नाही.*

महाड, पनवेल, इस्पितळाचं फाटक, सगळं पुसतो.

आबांना आत नेलं त्या दिवशी राही व्हरांड्यात रडून लाल झाली होती. ससा तिला नको होता. दीपक तिला घेऊन खिडकीपाशी गेला. शमिका मला घेऊन बाकावर बसली आणि नवीन गोष्ट उतरवू लागली. मी सांगितलं, जागा शिल्लक नाही. यंत्राला एवढंच बोलता येतं. तिने आतलं सगळं उघडलं. एक चित्रफीत फार मोठी होती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी. सिस्टरने दटावल्यामुळे माझा आवाज बंद होता.

"बघा, पोरीने चुकून काय काय काढून ठेवलंय," ती स्वतःशीच म्हणाली.

कायमचं पुसायचं का, मी विचारलं. तिने हो म्हटलं. त्या वेळी आत आबांच्या गळ्यावर काम चालू होतं.

नवी गोष्ट एका हत्तीची होती. राहीने ती पाहिली आणि ती शांत झाली.

शिमग्याच्या सकाळी ओटी सारवलेली होती. आबांच्या गळ्यात आता एक भोक आहे, त्यावर पांढरं फडकं. त्यांनी राहीला खूण केली, बोटाने हवेत एक टिकली दाबली. राही मला घेऊन आली. शोधलं, पुन्हा शोधलं.

"काय शोधतेस गो?" शमिकाने विचारलं.

"आबांचं गाऱ्हाणं. मोठ्ठं होतं. काळं काळं."

शमिका होती तिथेच खाली बसली. आबांना कळलं. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. दीपक मला घेऊन रत्नागिरीला धावला. दर्शनने मला उलटंसुलटं केलं. "पुसलेलं हाय दीपकभाऊ. माझ्याच्यानं नाय निघायचं." दीपकने मला वाडीत परत आणलं आणि ओटीच्या खिडकीत ठेवलं. तिथून मी पुढचं पाहिलं.

ढोल आले, पालखी अंगणात टेकली. सगळे आबांकडे बघू लागले. दुसऱ्या कोणाला ते म्हणता येत नव्हतं. आबांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. ओठ हलू लागले. गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं. अंगणात फक्त वारा. कोणते देव, कोणत्या विहिरी, कोणाला ठाऊक.

ओठ थांबले.

"व्हय म्हाराजा," राही म्हणाली.

पुन्हा हलले, पुन्हा थांबले. तिला थांबे ठाऊक होते. दुसऱ्यांदा दीपक तिच्याबरोबर म्हणाला. मग सगळी वाडी. नावं कोणालाच ऐकू आली नाहीत आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी होकार दिला. शमिका दाराआड तोंडात पदर धरून उभी होती.

आता मी फडताळात असतो. माझा पट्टा तुटला आहे. राही कधीतरी मला काढते, माझ्या काळ्या काचेवर कान ठेवते आणि परत ठेवून देते.

मित्रांनो, आम्हाला जपा असं मी म्हणणार नाही. आम्ही स्वस्त आहोत, आम्ही दुसरे मिळतो. फक्त काही पुसण्याआधी एकदा आवाज वाढवून ऐका. आणि ज्याचं ऐकायचं आहे तो माणूस गाडीत शेजारी बसला असेल, तर मला थोडा वेळ बंद करा.

*जागा शिल्लक नाही.*

ससा पुसतो. हत्ती पुसतो. आता एकच गोष्ट ठेवता येईल.

दर्शनच्या दुकानात दीपकला दुप्पट जागेचा काळा टॅब घ्यायचा होता. आबांनी त्याची बाही ओढली आणि म्हटलं, "पिवळा घे, बायला आवडलाय."