कॉम्प्रेसरवाला तानबा

वर्ध्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात तानबा एकोणीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळत होता. पत्रे उचलणाऱ्या यंत्राला हवा त्याच्याच खोलीतून जायची. नळी कुठं फुसफुसली की नुसत्या कानानं तो जागा सांगायचा.

यंदा विजेवरचं नवं यंत्र आलं. त्याचे रबरी कप पत्र्याला ओढून धरत, आणि हवा ओढणारा चिमुकला पंप यंत्राच्या हातावरच बसवलेला. पत्रा पक्का धरला की पंप आपोआप थांबणार, तेवढी वीज वाचणार. कॉम्प्रेसरचं काहीच काम नाही.

पण पंप थांबेचना. नागपूरहून आलेला इंजिनिअर निकेश दुपारपर्यंत लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला. तानबा खांबाला टेकून उभा होता. त्याला केव्हाचं ऐकू येत होतं.

"साहेब, हवा घुसून राह्यली," शेवटी तो बोलला. "तिसऱ्या कपातून."

निकेशनं कप काढला. कडेला केसासारखी बारीक चीर होती. नवा कप लावला, पत्रा उचलला, आणि पंप गप्प झाला. पत्रा अधांतरी तसाच, घट्ट.

"काका, तुमच्यामुळं सुटलो बघा!"

तानबानं मान हलवली.

सुपरवायझर मधुकरराव जवळ आले. "तानबा, आता तो कॉम्प्रेसर बंद करून टाक. सोमवारपासून स्टोअरमध्ये बसजो. नोकरी काही जात नाई तुही."

"हो जी."

त्यानं बटण दाबलं, व्हॉल्व्ह फिरवला. दाबाचा काटा हळूहळू शून्यावर आला. राग येईल, निदान डोळे भरून येतील म्हणून तो थोडा थांबला. काहीच आलं नाही. मग त्यानं हाताचं तेल फडक्याला पुसलं आणि सायकल काढली.

बोरगाव मेघेला घरी बायकोनं, धुरपतानं, ताट वाढलं.

"काऊन असे गुमसुम? तब्येत बरी नाई का?"

"बरी हाय. कॉम्प्रेसर बंद केला आज."

"कायमचा?"

"हो."

तिनं वरणाची वाटी पुढं सरकवली. "वरणात मीठ बराबर हाय का?"

त्यानं घास घोळवला, गिळला. दुसरा घेतला.

"सांगता नाई येत," तो म्हणाला.

धुरपतानं स्वतःच चाखून पाहिलं, चिमूटभर मीठ टाकलं. तो जेवत राहिला.