ओतून द्यायचं पाणी

सासूबाई आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या, तेव्हा दारात चपला घालता घालता त्यांनी सुनेला एवढंच बजावलं, "ह्यांच्या भाज्या बारीक चिरायच्या, दोनदा उकडायच्या, पाणी ओतून द्यायचं. आणि ह्यांच्या गोडबोलण्याला भुलू नकोस." का, ते सांगितलं नाही. सासूबाईंच्या राज्यात 'का'ला जागाच नव्हती. हुकूम सुटायचा आणि घर हलायचं. सासरे त्यांना 'हेडमास्तरीण' म्हणायचे, अर्थात पाठीमागे.

सुनेला इतकंच ठाऊक होतं, की सासऱ्यांची मूत्रपिंडं थकलीत आणि त्यांना मीठ कमी लागतं. खरी गोष्ट अशी, की भाज्या-फळांतलं पोटॅशियम त्या थकल्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नव्हतं. ते साचत गेलं की एक दिवस हृदय थांबतं. म्हणून भाजी दोनदा उकडायची, ते पाण्यात उतरवायचं आणि पाणी सिंकमध्ये सोडायचं. तीन वर्षं सासूबाई हेच करत होत्या. पण चार शब्दांत समजावून सांगायला जणू त्यांची जीभ झिजणार होती.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, नवरा फिरतीच्या नोकरीवर. सकाळी स्वयंपाकाला हातात पंधरा-वीस मिनिटं, पण बाईला उरक होता आणि हौसही दांडगी. पहिल्या दिवशी तिने सासऱ्यांच्या भाजीचा एक घास खाऊन पाहिला. ओला कागद चघळल्यासारखं वाटलं. तिचा जीवच कळवळला. सगळं सत्त्व सिंकमध्ये आणि म्हाताऱ्या माणसाच्या ताटात चोथा? वा रे पथ्य!

दुसऱ्या दिवसापासून तिने ते पाणी साठवायला घेतलं. त्यात टोमॅटो आणि पालक घालून दाट सूप. न्याहारीला दुधात फिरवलेलं केळं आणि बदाम, दुपारी मोड आलेली कडधान्यं, संध्याकाळी भाजलेलं रताळं आणि वर लिंबू. सूप सोडलं तर एक पदार्थ लागोपाठ दोन दिवस नाही. मीठ कमी हवं म्हणून मुद्दाम कमी सोडियमचं मीठ आणलं. सोडियमच्या जागी त्यात काय घातलंय, ते पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. दिवसभर गिऱ्हाइकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या बाईने तेवढी वाचली नाहीत.

"बाबा, चालतं ना हे तुम्हाला?"

"चालतं? अगं, धावतं." सासऱ्यांनी वाटी पुसून खाल्ली. "तीन वर्षांनी जेवलो बघ. फक्त हेडमास्तरणीला कळू देऊ नकोस. तिला वाटेल, आपली खुर्ची गेली."

असं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर कोण खाली उतरेल? रोज सकाळी सासूबाईंचा फोन यायचा, "पाणी ओतलंस ना?" आणि सून सूप ढवळत म्हणायची, "हो आई." खोटं बोलताना तिला जरा मजाच वाटायची. आठ दिवसांनी सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं तेज दाखवून आईंना गप्प करायचं, असा तिचा बेत होता.

चौथ्या दिवशी सासरे खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. बसून बसून पाय जड झालेत, म्हणाले. पाचव्या दिवशी ओठांभोवती मुंग्या. सुनेला वाटलं, अशक्तपणा आलाय, आणि अशक्तपणाला खाण्याशिवाय औषध कोणतं? तिने सुपाची वाटी मोठी केली, मूठभर जर्दाळू भिजत घातले. सासरे त्या वाटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चमचा उचलला.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. तिने मनगट धरलं. एक ठोका लागला, आणि दुसऱ्याची वाट बघता बघता तिने मोकळ्या हाताने फोन ओढला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख पाहिला आणि सुनेला विचारलं, "आठवडाभरात काय काय खाल्लं? काही लपवू नका." सुनेने सगळं सांगितलं. मिठापाशी आल्यावर डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.

"तुमच्या-माझ्यासाठी हे सगळं चांगलं आहे. ह्यांच्यासाठी त्यातली एकेक गोष्ट विष आहे. त्या मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियमच भरलेलं असतं." मग त्या पलंगाकडे वळल्या. "आणि आजोबा, पथ्याचा कागद मी तुम्हाला स्वतः वाचून दाखवला होता. हे सगळं तुम्हाला माहीत होतं."

सासऱ्यांनी हळूच होकाराची मान हलवली.

सुनेला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. चार दिवस तिने ज्या कौतुकावर पोट भरलं होतं, ते आता घशाशी आलं. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," सासरे म्हणाले, शब्द जड जिभेवरून ओढत, "तर तू केलं नसतंस."

तिला पुढे विचारायचं होतं. पण ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला, कुणीतरी घाईने इंजेक्शन मागितलं, आणि नर्सने तिला दंडाला धरून पडद्याबाहेर उभं केलं.