धुरातलं बियाणं

सुनतलीनं चुलीवरच्या वाशावरून मक्याची जुडी खाली ओढली आणि अंगावर भुगाच सांडला. दाण्यादाण्याला भोक, नि भोकाभोकातून किडे! पेरणी तोंडावर आलेली.

डोंगरातल्या त्या गावात धुराड्याच्या चुली घालणारी हीच. बाजारगावी जाऊन शिकून आली, माती-शेण-भुसा कालवून घरोघर चूल घातली. बायांचा खोकला गेला, पोरांचे डोळे चुरचुरायचे थांबले. पण वर टांगलेलं बियाणं आजवर धुरानंच राखलं होतं, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. हिच्यासुद्धा नाही!

"सुनतली, ये बाहेर!" शेजारीण डोल्मा अंगणात रडत होती. "तुझ्या चुलीनं आमचं बी खाल्लं गं!"

घरोघर तीच गत. आता पेरायचं काय, नि वर्षभर मक्याच्या पिठाचा ढिंडो कशाचा शिजवायचा?

जुनी चूल राहिली होती फक्त काइँली आमाकडे. टेकाडावर एकटी राहणारी म्हातारी. नवी चूल नको म्हणून तिनं सुनतलीला दारातून हाकललं होतं. शिवाय दसैंच्या सणाला घरोघर फिरून बियाण्याची एकेक जुडी मागून नेली. तेव्हा बाया हसल्या, आणि सुनतली तर तोंडावर म्हणाली होती, "एकट्या जिवाला किती गं हावरटपणा!"

आता कुठल्या तोंडानं जायचं? पण गेली. आत पाऊल टाकताच ठसका लागला. वर पाहिलं आणि थिजलीच. काळ्याकुट्ट जुड्यांनी वासे लगडले होते.

"आमा, एवढं बी?"

"ज्याचं त्याला द्यायचंय. मला काय करायचंय?" म्हातारी खोकत म्हणाली. "तुम्ही सगळ्या धूर घालवायला निघालात. कुणीतरी धुरात बसायला नको?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"दसैंला सांगायलाच आले होते. ऐकून घेतलंस का?"

म्हातारीनं चाचपडत एकेका जुडीची दोरी पाहिली. "ही दोन गाठींची. तुझी." आणि जुडी पुढे केली, ती रिकाम्या दाराकडे.

"आमा... मी इकडं आहे."

"हो का? माघापासून दिसतच नाही बघ. आवाजावर भागवते."

सुनतलीला जुडी धरवेना.

"घे गं. तुझी चूल चांगलीच आहे," म्हातारी म्हणाली. "पेरणी आटपली की मलाही घालून दे."