चिठ्ठीवरची वेळ

आमच्या काउंटीत माणसांपेक्षा पाट्या जास्त. इथे पहिली लाकडाची गिरणी होती, इथे कुण्या जनरलचा घोडा पाणी प्यायला, इथे अमुक चर्च जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. निळ्या लोखंडी पाट्या, त्यांवर पिवळी अक्षरं. शैलजा, माझी बायको, प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू करायची आणि मला मोठ्यानं वाचायला लावायची. ती घोड्याची पाटी मी शंभरदा तरी वाचली असेन.

म्हणून मार्चमध्ये हिस्टॉरिकल सोसायटीचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. मेपल स्ट्रीटवरच्या जुन्या दवाखान्याला पाटी लागणार होती. सोबत मजकुराचा मसुदा होता. शेवटचं वाक्य असं, की १९७८ साली डॉक्टर हॅरिसन निवृत्त झाले, त्यानंतर गावाला डॉक्टर उरला नाही आणि वास्तू रिकामी राहिली.

माझं डोकंच फिरलं. १९७९ ते २००१, बावीस वर्षं, त्या रिकाम्या वास्तूत डॉक्टर शैलजा करंदीकर बसत होती. जवळचं हॉस्पिटल डोंगरापलीकडे तासाभरावर. हिवाळ्यात घाट बंद झाला की बायका बाळंतपणाला तिच्याकडेच यायच्या. तिला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोवर तिला लोखंडात ओतून पुसून टाकायला निघाले होते.

सोसायटीच्या अध्यक्ष लॉइस क्लाइन. निवृत्त शिक्षिका, आमच्या गावात आल्या २००८ साली. बाई सरळ, पण काटेकोर.

"डिग, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," त्या म्हणाल्या. गावात दिगंबर कुणाला म्हणता येत नाही. "पण पाटी विश्वासावर लागत नाही, कागदावर लागते. त्या काळातला, त्या पत्त्याचा, तिच्या सहीचा कागद आणा. जूनच्या मीटिंगनंतर मजकूर ओतकामाला फाउंड्रीत जाईल."

कागद! तळघरात तेवीस खोकी होती कागदांची. आणि ती मी, याच दोन हातांनी, श्रेडरमध्ये घातली होती. पेशंटची माहिती खासगी, अमुक वर्षांनंतर नष्ट करावी असा नियम. मी आयुष्यभर चुनखडीच्या प्लँटमध्ये इंजिनिअर म्हणून नियम पाळले आणि पाळायला लावले. शैलजा गेल्यावर पहिल्याच महिन्यात तीन दिवस बसून सगळं नियमानुसार संपवलं. घर कसं स्वच्छ झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. माझ्यासारखा गाढव मीच.

सावनीला, माझ्या मुलीला, तीन तासांवरच्या वेस्ट विंडसरला फोन केला.

"बाबा, लेट इट गो ना," ती म्हणाली. "आईला हे आवडलं असतं का? तिनं रिटायरमेंटची पार्टीसुद्धा कॅन्सल केली होती."

"नसतंच आवडलं. मला आवडणार आहे."

"बट यू डोन्ट हॅव एनी प्रूफ."

"शोधतो," म्हणालो आणि फोन ठेवला. शोधायचं कुठे ते ठाऊक नव्हतं.

कोरे कागद तेवढे राहिले होते. स्वयंपाकघरात देवांच्या कपाटाखालच्या खणात, वातींच्या पुड्याशेजारी, तिची प्रिस्क्रिप्शनची पॅडं. वर तिचं नाव, खाली मेपल स्ट्रीटचा पत्ता. कोरी पॅडं टाकवेनात म्हणून ती वाणसामानाच्या याद्यांना वापरायची. मी एक हातात घेतलं आणि एकदम आठवलं.

मूल जन्मलं की शैलजा आधी भिंतीवरचं घड्याळ बघायची. नाळ कापून, मूल पुसून आईच्या कुशीत दिलं, की याच पॅडवर लिहायची: मुलगी, तारीख, पहाटे चार वाजून बावन्न मिनिटं. खाली सही. आणि कागद आईच्या हातात द्यायची, सांभाळून ठेव म्हणायची. मी तिची चेष्टा करायचो. "अगं, या लोकांत पत्रिका कोण काढणार आहे? यांचा शनी यांना ठाऊक तरी आहे का?" ती म्हणायची, "पत्रिका जाऊ दे. आपण कधी आलो ते माणसाला माहीत असावं."

दुसऱ्या दिवशी कंबर कसली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या पायाला भिंगरी लागली. चर्चच्या पत्रकात चार ओळी छापून आणल्या. अग्निशमन दलाच्या फायर हॉलमधल्या पॅनकेक ब्रेकफास्टला दारातच खुर्ची टाकून बसलो आणि येईल त्याला कोरं पॅड दाखवलं: असा कागद तुमच्या आईकडे आहे का? काही जण मला टाळून मागच्या दारानं आत गेले. दोन आठवडे हात हलवत परतलो. मग पशुखाद्याच्या दुकानातला टॉमी, सहा फुटी गडी, बायबल काखेत मारून माझ्या दारात आला. बायबलमध्ये कौटुंबिक नोंदींच्या पानात पिवळा पडलेला कागद. तिचं गिचमिड अक्षर मी कुठेही ओळखीन. मला रडू फुटलं, आणि टॉमी बिचारा स्वतःचीच चूक झाल्यासारखा माझ्या पाठीवर थोपटत राहिला.

त्यानं त्याच्या बहिणींना सांगितलं, बहिणींनी मैत्रिणींना. जूनच्या मीटिंगला लायब्ररीत खुर्च्या कमी पडल्या. कागद बायबलमधून आले, पाककृतींच्या डब्यांतून आले, एक तर फ्रेम करून आला. लॉइस प्रत्येकावरचा पत्ता आणि सही तपासत होत्या. सावनी न सांगता तीन तास ड्राइव्ह करून आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती.

सगळ्यात शेवटी अर्लीन आली. ब्याऐंशीची, काठी टेकत. आमच्या मागच्या रस्त्यावर राहते, चाळीस वर्षांची ओळख. तिला मूलबाळ नाही असंच मी समजत होतो. तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला कागद काढला.

लॉइसनी तो वाचला. मग चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढे केला. मुलगा, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. खालच्या ओळीत, गेला, सहा वाजून एकवीस मिनिटं. सही.

"सगळे म्हणाले, विसरून जा, दुसरं होईल," अर्लीन म्हणाली. "दुसरं झालं नाही. तो आला होता, हे फक्त शैलजानं लिहून दिलं."

सावनीनं माझा हात घट्ट धरला. ते मूल गेलं त्या दिवशी घरी आल्यावर शैलजा काय म्हणाली होती, हे मी आठवू पाहिलं. काहीच म्हणाली नव्हती. बहुतेक कुकर लावला असेल.

"मी याची कॉपी काढू का?" लॉइसनी अर्लीनला हळूच विचारलं.

"काढ. पण कागद माझ्या हातात परत दे."

कॉपी निघाली, कागद पुन्हा रुमालात गेला. मग लॉइसनी मसुदा पुढे ओढला, शेवटच्या वाक्यावर पेननं आडवी रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "सांगा डिग, काय लिहायचं?" मी शेजारी बघितलं. सावनीनंच सांगितलं. आईचं नाव, सालं, आणि घाट बंद असताना या वास्तूत मुलं जन्मली एवढंच.

ऑक्टोबरात पाटी लागली. पन्नासेक माणसं जमली. टॉमीनं कापड ओढलं, आणि सावनीनं पाटी मोठ्यानं वाचली, आई मला वाचायला लावायची तशी. मी मात्र घड्याळ बघत होतो. खिशातून शैलजाचं पॅड काढलं आणि लिहिलं: पाटी, तारीख, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. खाली सही केली आणि कागद सावनीच्या हातात दिला.

"सांभाळून ठेव," म्हणालो.