पत्र्यावरचा सूड

माझे सासरे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. एकदाही गाडीला ओरखडा पडू दिला नाही, म्हणून त्यांना पदक मिळालं होतं. असा माणूस हल्ली भर दुपारी टीव्हीसमोर बसून गाड्या फोडायचा गेम खेळतो. त्यात शर्यत नावालाच; जो जास्त ठोकेल तो जिंकतो. दारं निखळतात, टप चेपतात आणि हे गृहस्थ मांडीवर थाप मारतात.

"आग लागो त्या खेळाला!" शेंगा सोलता सोलता सासूबाई काल कडाडल्या. "यात कसली आलीय अक्कल?"

"तीस वर्षं प्रत्येक गाढवाला वाट दिली," पडद्यावरची नजर न काढता सासरे म्हणाले. "कुणी आडवं घुसलं, कुणी शिव्या घातल्या, तरी मी ब्रेकच दाबला. आता नाही दाबणार."

"मग तेव्हाच चार शिव्या हासडायच्या होत्या. चित्रातल्या पत्र्यावर कसला सूड उगवताय?"

मलाही हसू आवरेना. सासरे कानापर्यंत लाल झाले. त्यांनी खेळ बंद केला नाही, फक्त टीव्हीचा आवाज बंद केला. मग संध्याकाळपर्यंत ते मुकाट्याने ठोकत राहिले.