माझ्या नावावरची एकच चूक

मी एक जुना लायनोटाइप आहे, मित्रांनो. माझ्या कळा दाबल्या की तापलेल्या शिशातून छपाईची अख्खी ओळ ओतून बाहेर पडते. अलेक्झांड्रियाच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं अरबी ओळी ओतल्या. फुशारकी मारत नाही, पण माझ्यासारखा साफ ओतणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

मंत्री आले, गेले, लढाया झाल्या. लोक मात्र आधी उघडायचे ते मृत्युवार्तांचं पान. कोण गेलं, आणि त्याखाली कोणाकोणाची नावं आली! मुलगे, मुली, जावई, व्याही, लांबचा एखादा चुलतभाऊ इंजिनियर असला तर हुद्द्यासकट तोही. यादीत नाव नसलं तर तो माणूस त्या घरचा नाही, असंच गाव समजायचं.

मला चालवायचे ते उस्ताद बिशारा. तापट माणूस. चहा गार झाला तरी माझ्यावर डाफरायचे, पण तेल मात्र स्वतःच्या हातानं घालायचे.

एका सकाळी दुर्रिया नावाची शिक्षिका तांताहून पहिल्या गाडीनं आली. हातात आमचाच आदल्या दिवशीचा अंक. आई गेल्याचं तिला त्यातूनच कळलं होतं. तिनं भावाच्या, वग्दीच्या, मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि दोन वर्षं दोघांत अबोला होता. मृत्युवार्ता त्यानंच दिली होती.

"चौदा नावं आहेत. माझं नाही," ती म्हणाली. "त्यानं काढलं असेल तर मी इथूनच परत जाते. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. मला त्याच्या हातचा कागद दाखवा."

कागद माझ्या शेजारीच खिळ्याला टोचलेला होता. बिशारांनी तो काढला. मीही पाहिला. यादीत दुसऱ्या क्रमांकावर दुर्रियाचं नाव, आणि त्यावर पेन्सिलीची जाड रेघ.

तिला बिशारांची पाठच दिसत होती. त्यांनी कागदाची घडी केली आणि हळूच माझ्या शिशाच्या भांड्यात सोडली. क्षणात राख.

"कागद कालच रद्दीत गेला, ताई," ते वळून म्हणाले. "पण नाव होतं. या म्हाताऱ्यानं ओळ खाल्ली. आठवड्यातली तिसरी."

मी? ओळ खाल्ली? आणि तिसरी? अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ती बाई तिथल्याच स्टुलावर बसली आणि आईसाठी पहिल्यांदा रडली. मग रुमालानं तोंड पुसून, घरचा रस्ता कुठल्या ट्रामनं जवळ पडेल ते विचारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा आला. यंत्रातील दोषामुळे कन्या दुर्रिया यांचे नाव राहून गेले, क्षमस्व. तो ओतला कुणी? मीच. स्वतःची बदनामी, आणि तीही साफ अक्षरात!

दुपारी वग्दी आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "काल ती थेट घरी आली, आईच्या पलंगावर बसली, मलाच धीर देत राहिली," तो म्हणाला. "उस्ताद, ते नाव मी..."

"यंत्र जुनं झालंय," बिशारांनी त्याला मध्येच तोडलं. "चूक त्याची."

वग्दी माझ्याजवळ आला. मग त्यानं माझ्या कोमट अंगावर हात ठेवला.

"मग याचीच माफी मागतो," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी त्याच दैनिकाच्या दाराशी नुसता शोभेला उभा असतो. येता-जाता माझ्या कळांत च्युइंगम चिकटवू नका, जमलं तर तेलाचं बोट फिरवा. आणि याच यंत्रानं एकदा ओळ खाल्ली होती, असं कुणी म्हणालं, तर माझी बाजू घ्यायला जाऊ नका. खाल्ली होती, म्हणा.